प्रांताप्रांतांतील अंतर आणि आपले देणे



एकाच खंडात, एकाच देशात, किंबहुना एकाच राज्यात काही भागांतील माणसे दीर्घायुषी, शिकलेली व सुखवस्तू असतात, आणि दुसऱ्या भागांतील माणसे अल्पायुषी, निरक्षर व दरिद्री राहतात. असे का व्हावे, आणि वरच्या पायरीवर असलेल्याने खालच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न पुष्कळ दिवस मनात घोळत होता. गेल्या आंब्याच्या हंगामात बुरोंडी येथे एक लहानशी गोष्ट घडली, तिने तो प्रश्न अगदी अंगणात आणून उभा केला. म्हणून आज त्याविषयी चार शब्द लिहितो.

बुरोंडी हे दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. खाली बंदर व होड्या, वर जांभ्या दगडाचा सडा व त्यावर आंब्याची कलमे. हंगामात रत्नागिरी जिल्ह्यातील बागांची राखण करण्यास नेपाळातून माणसे येतात, काही सहकुटुंब येऊन बागेतच खोपटी बांधून राहतात. किनाऱ्यावरील मासेमारीच्या बोटींवरही नेपाळी खलाशी पुष्कळ आहेत. ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांच्या पडवीत मी बसलो असता त्यांच्या राखणदाराचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा कळशी घेऊन पाणी न्यावयास आला. गळ्यात वानर हाकलण्याची गलोल होती. "शाळेत जातोस काय रे?" असे मी विचारले. तो नुसता हसला आणि कळशी भरून निघून गेला.

गृहस्थ म्हणाले, "पाळकसाहेब, ह्यांस शाळा कशास हवी? कार्तिकात येतात, पाऊस लागण्यापूर्वी जातात. ह्यांचा मुलूखच मागासलेला. जात्याच तसे हे लोक." मी विचारले, "बाबा, ह्याच्या बापाचे नाव काय?" ते म्हणाले, "नाव कोणास ठाऊक! आम्ही सगळ्यांस बहादूर म्हणतो."

हे गृहस्थ दुष्ट नव्हेत. राखणदाराची मजुरी ते बुडवीत नाहीत, घरचे ताक व भाजी त्यास देतात. शिवाय त्यांची स्वतःची हकीकत मला पूर्वीपासून ठाऊक होती. पंधराव्या वर्षी ते मुंबईस गेले ते एका बिऱ्हाडी घरगडी म्हणून. त्या काळी मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्यास, त्याचे नाव काहीही असो, "रामा" म्हणून हाक मारीत. पुढे ते गिरणीत लागले, आणि १९८२ च्या संपात नोकरी गेल्यावर गावी परतले. म्हणून मी हळूच विचारले, "बाबा, त्या बिऱ्हाडी तुम्हांस काय म्हणत?" ते बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "रामा."

वाचकहो, माझा सर्व लेख ह्या एका शब्दात आहे. परंतु तो नीट समजण्यासाठी थोडा विस्तार करावा लागेल.

प्रांतांची प्रगती मोजण्याची एक रीत जगात रूढ झाली आहे. पूर्वी केवळ पैशावरून देशाची श्रीमंती ठरवीत. १९९० साली पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांनी, आपल्या अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने, संयुक्त राष्ट्रांच्या वतीने निराळे माप पुढे आणले: माणूस किती वर्षे जगतो, किती शिकतो, आणि बेताचे जीवन जगण्यापुरती मिळकत त्यास आहे की नाही. ह्यास मानव विकासाचा निर्देशांक म्हणतात. ह्या मापाने पाहता नेपाळ भारताच्या खाली येतो. आपल्या राज्याचेही असे अहवाल २००२ व २०१२ साली निघाले. २०१२ च्या अहवालात मुंबई व पुणे वर आहेत, नंदुरबार व गडचिरोली तळाशी आहेत. साक्षरतेचा एकच आकडा घेतला तरी २०११ च्या जनगणनेत राज्याचे प्रमाण शेकडा ८२.३४ आणि नंदुरबारचे ६४.३८ होते. सबंध देशात पाहू गेल्यास केरळ शेकडा ९४, तर बिहार ६१.८. आपला देश खंडप्राय आहे असे आपण अभिमानाने म्हणतो. त्याच्या पोटात दोन खंडांइतके अंतर आहे हे मात्र विसरतो.

हे माप चांगले आहे. पण मापाचा दुरुपयोगही होतो. तक्ता हाती आला की मनुष्य त्यावर माणसांचे गुणदोष लिहू लागतो. वरच्या ओळीतील लोक उद्योगी, खालच्या ओळीतील आळशी. वरचे बुद्धिमान, खालचे मंद. कोकणी माणसासंबंधी हेच बोलले गेले: भात पिकवितो, मासे खातो आणि स्वस्थ झोपतो. परंतु हे खरे असते तर एक कोडे सुटत नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या सूतगिरणीचा पाया घातला. पुढे गिरण्या वाढल्या, आणि गेल्या शतकाच्या आरंभी त्यांतील मजुरांत सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. गावी जो आळशी तोच गिरणीत मागावर तासन् तास उभा राहून राबत असे, आणि एका खोलीत दहा-बारा जणांसह राहून पैसा शिलकीस टाकीत असे. बोट चढताना त्याचा स्वभाव पालटला काय? नाही. माणूस तोच होता, जागा निराळी होती. गावी त्याच्या श्रमास जे फळ नव्हते ते तेथे थोडेबहुत होते, एवढाच भेद.

मग जागेजागेत हा भेद कोठून आला? काही सृष्टीने केला आहे, हे कबूल करावे. कोकणात पाऊस अपार पडतो, पण उतारावरून व जांभ्यातून तो समुद्रास मिळतो, आणि वैशाखात बायका हंडे घेऊन मैल मैल हिंडतात. तथापि सृष्टीचा भेद हा शेवटचा शब्द नव्हे. अहमदनगर जिल्हा, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, अवर्षणाचा व दुष्काळाचा जिल्हा म्हणून आपल्या वडिलांस ठाऊक होता. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांनी शिवारात गेले, आणि १९५० साली लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. माती तीच, माणसे तीच. पाणी आले आणि लोकांस एकत्र येण्याचे साधन मिळाले. उलट बिहारात गंगेकाठची जमीन किती सुपीक, पण तेथे दारिद्र्य! सृष्टी प्रश्न घालते. उत्तर माणसेच देतात, किंवा देत नाहीत.

माणसांनी दिलेली उत्तरे पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास आगगाडी गेली. कोकणचा सबंध लोहमार्ग खुला झाला तो १९९८ च्या जानेवारीत, म्हणजे १४५ वर्षांनी. दापोली तालुक्यास अजूनही खेडचेच स्थानक जवळ. शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये खोत बसलेला असे, आणि कूळ कितीही राबले तरी वाढावा खोताच्या कोठारात जाई. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आणले. कायदा झाला तो १९४९ साली. बिहारातही १७९३ पासून जमीनदारी पद्धत होती. स्वराज्य आल्यावर बिहारचा कोळसा व लोखंड सबंध देशात एकाच भावाने मिळावे असा वाहतुकीचा नियम झाला, आणि तो गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत चालला. त्यामुळे खाणीच्या तोंडाशी कारखाना काढण्याचा जो लाभ तो बिहारास राहिला नाही, आणि मुंबईसारख्या बंदरांस मात्र सोय झाली. केरळाच्या दक्षिण भागात त्रावणकोरच्या राणीने १८१७ साली शिक्षणाचा खर्च राज्याने करावा अशी आज्ञा काढली होती. त्याचे फळ दोनशे वर्षे मिळत आहे. ह्यांपैकी कोणती गोष्ट त्या त्या मुलखातील गरिबाच्या गुणाने किंवा दोषाने झाली?

येथे कोणी म्हणेल, मग मनुष्याच्या उद्योगास काहीच मोल नाही काय? आहे, आणि मोठे आहे. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे तरुणपणी एका परीक्षेसाठी मित्रांसह घाट चढून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायी गेले. आणि तेथे, तू वयाने लहान दिसतोस, म्हणून त्यांस परत लावले. तरी ते खचले नाहीत. पुढे स्त्रीशिक्षणाचे केवढे कार्य त्यांनी केले आणि १९५८ साली त्यांस भारतरत्न मिळाले, हे सर्वांस ठाऊक आहे. मुरुडच्याच काणे घराण्यातील पांडुरंग वामन काणे यांस १९६३ साली, आणि ज्यांचे मूळ गाव शेजारच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे, त्या डॉ. आंबेडकरांस १९९० साली तोच मान मिळाला. ह्या मातीत बुद्धीचा दुष्काळ आहे असे कोण म्हणेल? नासरेथातून काही चांगले निघू शकते काय, असे एकाने पूर्वी विचारले होते. त्यास उत्तर मिळाले ते आपण जाणतो. परंतु कर्व्यांच्या पायपिटीची स्तुती करताना ती पायपीट ज्या स्थितीमुळे करावी लागली त्या स्थितीची स्तुती आपण करू नये. एक कर्वे चालून गेले; जे अर्ध्या घाटातून परतले, किंवा ज्यांच्या पायांत तेवढे बळ नव्हते, त्यांची नावे कोणत्याच पुस्तकात नाहीत.

आता ह्या विषयातील मुख्य गोष्टीकडे येतो. प्रांतांचे हिशेब वेगवेगळ्या पानांवर लिहिले जातात. पण जीवन एकाच पानावर चालते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. सबंध राज्यात ९२९, आणि मुंबई शहरात ८३२. अडाणी मनुष्य ह्यास तीन वेगळे आकडे समजेल. वस्तुतः एकाच घराचे हे तुकडे आहेत: नवरा तिकडे मोजला गेला, बायको इकडे. त्याच दहा वर्षांत राज्याची वस्ती वाढली, पण रत्नागिरीची सुमारे ऐंशी हजारांनी घटली. मूल जन्मले येथे. त्यास अंगाखांद्यावर वाढविले, दुखण्याबहाण्यात जपले, मराठी शाळेत घातले येथे. आणि ते कमावते झाले की कमाई लिहिली गेली मुंबईच्या पानावर. पुढे हातपाय थकले की तो म्हातारा पुन्हा आमच्या पानावर येतो. गावी राहिलेल्या बाईने लावणी केली, गुरे राखली, सासूसासऱ्यांची सेवा केली. तिच्या त्या सेवेचा रुपया कोणत्याच जिल्ह्याच्या उत्पन्नात धरला जात नाही. तेव्हा मुंबईचा जो उंच आकडा आहे त्यात रत्नागिरीचा किती भाग आहे, हे कोण सांगणार?

हे केवळ कोकणचेच नव्हे. बीडकडील तोडकरी उसाच्या फडात राबतो तेव्हा पश्चिम महाराष्ट्राची साखर होते. त्याची मुले त्या सहा महिन्यांत कोठे शिकतात? नंदुरबारचा भिल्ल कोयता घेऊन गुजरातच्या फडात जातो. म्हणून संपन्न प्रांताने दरिद्री प्रांतास काही दिले तर त्यास दान म्हणू नये. बहुतेक वेळा ते परतफेडीचा एक हप्ता असते. आपल्या राज्यात ह्यासाठी एक नेमका शब्द आहे. १९८३ साली प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९८४ साली जिल्ह्याजिल्ह्यांतील रस्ते, पाणी, वीज, शिक्षण यांची उणीव मोजली आणि ती सुमारे ३,१८६ कोटी रुपये ठरविली. त्या उणिवेस "अनुशेष" म्हणतात. म्हणजे द्यावयाचे राहिलेले. दारिद्र्यास दोष न म्हणता येणे म्हणणे, हा त्या शब्दातील न्याय आहे. पुढे १९९४ साली विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे झाली, आणि त्यांची मुदत २०२० साली संपली. कोकण त्या "उर्वरित" शब्दात पुण्यासारख्या धनिक जिल्ह्याबरोबर बांधला गेला, अशी आमची तक्रार होती, आणि ती वाजवी होती.

परंतु, बंधुभगिनींनो, वाजवी तक्रार करणाऱ्याची एक परीक्षा असते. मुंबईकडे पाहून जो म्हणतो, "आमच्या कष्टांवर तुम्ही मोठे झालात, आमचे नावसुद्धा विचारले नाही," त्याने मागे वळून पाहावे. त्याच्या पाठीशी कोणी उभा आहे काय? रत्नागिरीचा मनुष्य मुंबईस गेला, मुंबईचा आखातात गेला, आणि रत्नागिरीत जी जागा रिकामी पडली तेथे नेपाळचा आला. १९५० च्या तहापासून नेपाळ व भारत यांच्या प्रजेस एकमेकांच्या देशात मोकळेपणी येताजाता येते. म्हणून तो येतो, आणि गावी त्याची बायको किंवा आई त्याची वाट पाहते, जशी आमच्या आया पाहत होत्या. खंडभर ही एक लांब शिडी आहे. तिच्या प्रत्येक पायरीवरचा मनुष्य वर पाहताना अन्याय अन्याय म्हणून ओरडतो, आणि खाली पाहताना "जात्याच तसे" म्हणतो. दोन्ही वाक्ये एकाच तोंडात राहू शकत नाहीत. आमचे मागासलेपण जर इतिहासाचे व दुर्लक्षाचे फळ आहे, तर त्याचेही आहे. त्याचे जर रक्तातील आहे, तर आमचे कशावरून नाही?

आमच्या त्या वृद्ध गृहस्थांचीच गोष्ट घ्या. गिरणी सुटल्यावर ते गावी आले. सड्यावर कातळ होता. १९९० साली सरकारने रोजगार हमीशी जोडून फळबागांची योजना काढली, खर्च सरकारने सोसला, आणि त्यांनी खड्डे खणून कलमे लावली. हात त्यांचे, घाम त्यांचा. पण रोपे व पैसा सर्व राज्याचा, त्यात विदर्भातील व मराठवाड्यातील रयतेचाही कर आला. आज कलमे फळांनी लवतात, आणि ती फळे पेटीत भरेपर्यंत रात्रंदिवस जागतो तो पोखऱ्याच्या की कुठल्या डोंगरातला मनुष्य, ज्याचे नाव आम्ही विचारले नाही. इस्राएल लोकांस नियमशास्त्रात परक्याविषयी जी आज्ञा झाली तिचे कारणही तेथेच सांगितले आहे: तुम्ही स्वतः मिसरात परके होता. परक्याचे दुःख ज्यास पुस्तकातून शिकावे लागत नाही, त्याची जबाबदारी अधिक.

मग आपण करावे काय? धरणे बांधणे व लोहमार्ग घालणे हे सरकारचे काम. ते मागत राहावे, आणि नंदुरबारचे मागणे आपल्या मागण्याच्या आड येते असे कधी म्हणू नये. परंतु काही कामे सरकारची वाट पाहत नाहीत. राखणदारास व खलाशास त्याच्या नावाने हाक मारावी. मजुरी ठरल्या दिवशी चुकती करावी. बागेत फवारणी करावयाची तर तोंडास बांधावयास फडके व हातमोजे द्यावे, आणि विंचूकाटा झाल्यास दवाखान्यात स्वतः न्यावे. आणि मुलांस शाळेत घालावे. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास जन्माचा दाखला किंवा मागच्या शाळेचा दाखला नाही म्हणून परत लावता येत नाही, आणि वर्षाच्या मध्येही दाखल करून घ्यावे लागते. बापास हे ठाऊक नसते, भाषाही येत नाही. मालकाने अथवा मंडळीतील एखाद्या भावाने त्याच्याबरोबर मास्तरांकडे जाण्यास एक सकाळ पुरेल. जे मूल सहा महिने येथे व सहा महिने तेथे असते, त्याचे नाव दोन्हीकडच्या हजेरीपटावर नसते. आणि असल्या मुलांवरूनच उद्या कोणी तक्ता काढील व म्हणेल की हे लोक जात्याच मागासलेले.

त्या दिवशी "रामा" हा शब्द उच्चारल्यावर ते गृहस्थ अधिक काही बोलले नाहीत. मी निघालो तेव्हा ते काठी टेकीत माझ्याबरोबर बागेच्या गडग्यापर्यंत आले. खोपटीपुढे तो मुलगा चूल फुंकीत होता. त्यांनी त्यास जवळ बोलाविले आणि मोडक्या हिंदीत त्याचे नाव विचारले; मग त्याच्या बापाचे विचारले. मुलाने सांगितले. म्हातारपणामुळे त्यांस ते नीट ऐकू आले नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारले, आणि दुसऱ्या वेळी ते नाव स्वतः उच्चारून पाहिले. सोमवारी ते मुलास घेऊन शाळेत गेले असे मला मागाहून कळले. हंगामाचे थोडेच आठवडे उरले होते. पण कार्तिकात ते लोक पुन्हा येतील. तेव्हा तुमच्याही बागेत, तुमच्याही बंदरावर येतील. त्यांस काय म्हणून हाक मारावयाची हे आतापासूनच ठरवून ठेवा.